परबांनी घातलेली केबल

समोरचा गेला, की त्याला नुसता उशीर होतोय? नोकरीची सव्वीस वर्षं मी या एकाच प्रश्नाचा पगार घेतला. प्रश्न यंत्रांच्या बाबतीतला होता. माणसांच्या बाबतीत तो मला कधी नीट सोडवता आला नाही, आणि हा लेख खरं तर त्याबद्दलच आहे.

वयाआधीच निवृत्ती घेऊन आता वर्ष झालं. नाहूरला आमच्या सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' आहे. कुणाचा प्रिंटर चालेना, कुणाच्या मोबाइलवर नातवाचे फोटो दिसेनात, की माझी बेल वाजते. मला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नाही. तसं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'मग इतकी वर्षं पवईला जाऊन करत काय होतात' असं स्पष्ट उमटतं. म्हणून ते आधी सांगून टाकते.

मोठ्या रुग्णालयात किंवा बँकेत ज्या यंत्रावर काम चालतं त्याला सर्व्हर म्हणतात. माहिती मात्र त्या यंत्रात नसते, ती वेगळ्या कपाटात असते. कपाट म्हणजे आकारानेही आपल्या गोदरेजच्या कपाटाएवढंच, आत डिस्कच्या रांगाच रांगा. सर्व्हर एका खोलीत, कपाट दुसरीत, कधी चार मजले खाली. दोघांच्या मध्ये काचेच्या तंतूची केबल असते. तंतू केसाएवढा बारीक, आणि त्यातून प्रकाश धावतो. सर्व्हरच्या बाजूने या कपाटाशी बोलण्याचं काम करणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमची टीम तो लिहायची, आणि त्यातला एक कोपरा पूर्णपणे माझा होता. कपाट अचानक दिसेनासं झालं तर करायचं काय, हे ठरवणारा कोपरा.

कपाट दिसेनासं होण्याची कारणं शंभर. केबल निघाली, वीज गेली, कपाट स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झालं. त्या क्षणी सर्व्हरने लगेच 'गेलं' म्हणून हात झटकले, तर दहा सेकंदांत परत येणाऱ्या कपाटापायी सगळं काम कोसळतं. आणि नुसती वाट पाहत बसला, तर वरचे लोक खोळंबतात. म्हणून ड्रायव्हर ठरावीक वेळ थांबतो. आमच्याकडे तीस सेकंद होते. तेवढ्या वेळात कपाट आलं तर काही घडलंच नाही अशा थाटात काम पुढे चालू. नाही आलं, तर 'गेला' असं लिहायचं, त्याच्या नावाची सगळी टिपणं फाडायची आणि वरच्यांना कळवायचं. आहे, वाट पाहतोय, गेला. एवढ्या तीन अवस्था. चाळीस पानांचं कोड होतं, पण सार हे एवढंच.

हे कोड बरोबर आहे की नाही हे तपासायचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे केबल खरोखर उपटायची. त्यासाठी आमच्याकडे परबकाका होते.

परबकाकांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब भांडुपला टेकडीवरच्या चाळीत आलं. काका आधी टेलिफोनच्या केबल जोडायचे, मग काचेच्या केबल आल्या तशा त्या शिकले आणि आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. आतल्या खोलीत यंत्रं गार राहावीत म्हणून एवढी थंडी असायची, की काका भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून कामाला बसायचे. दुपारी तशाच अवतारात कॅन्टीनमध्ये आले, की नवीन माणसं त्यांची तब्येत विचारायची. काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे, डॉक्टरांनी हवापालट सांगितलीय, म्हणून बाहेर आलो.

प्रयोगशाळेतल्या यंत्रांना नावं द्यायची असतात. आमच्याकडे ती काकांनी दिली होती: कणकवली, कुडाळ, वैभववाडी आणि सगळ्यात मोठ्या कपाटाचं नाव देवगड. त्यामुळे आमच्या नोंदींत 'देवगड दिसत नाही', 'देवगड परत आला' अशा ओळी पडायच्या आणि त्या तशाच परदेशातल्या टीमकडे जायच्या. तिकडच्या एकाने मला एकदा फार अदबीने विचारलं होतं, की देवगड ही कुठली नवीन प्रकारची डिस्क आहे. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, त्याला सांगा, आंब्याच्या सीझनला क्षमता वाढते.

काकांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. काचेच्या केबलचं टोक ते प्रत्येक वेळी पुसायचे. प्रत्येक वेळी म्हणजे दिवसाला साठ वेळा केबल काढली, तर साठ वेळा. केबल बांधायला प्लास्टिकचे घट्ट पट्टे वापरले तर ते भडकायचे, कारण काच दाबली गेली की प्रकाश वाटेतच गळतो. ते मऊ पट्टे वापरायचे आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना स्वतःच्या वळणदार अक्षरात, मराठीत, चिठ्ठी लावायचे. 'तिसरा मजला ते तळघर, डावी.' त्यांच्या अक्षराने मला शाळेतल्या फळ्यावरचा सुविचार आठवायचा.

अंधेरीच्या एका स्टुडिओचं प्रकरण त्यांच्यामुळेच सुटलं. तिथे चित्रपटांचं संकलन चालायचं आणि कपाट दिवसातून दोनतीनदा गायब व्हायचं, दर वेळी दिग्दर्शक खोलीत असतानाच. दिग्दर्शकांची पक्की समजूत झाली होती की कुणीतरी त्यांच्यावर करणी केली आहे. मी दोन दिवस तिथल्या स्क्रीनवर डोळे फोडत बसले. तिसऱ्या दिवशी काका आले आणि स्क्रीनकडे न बघता सरळ जमिनीवर मांडी घालून बसले. तासाभराने त्यांनी मला खुणेने खाली बोलावलं. दिग्दर्शकांची चाकांची भलीमोठी खुर्ची होती. शॉट आवडला की ते मागे रेलायचे, खुर्ची वीतभर मागे सरकायची आणि गालिच्याखालून गेलेल्या केबलवर चाक यायचं. काका बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, ह्यांना शॉट आवडणं बंद केलं की झालं."

अशी एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. आमची पद्धत ठरलेली होती. काका आतल्या थंड खोलीत कपाटाशी, मी बाहेरच्या खोलीत स्क्रीनसमोर, मधलं दार अर्धं उघडं. ते आतून म्हणायचे, "काढली." मी ओळी बघत राहायची. वाट पाहतोय, वाट पाहतोय, मग 'गेला', मग टिपणं फाडून झाल्याची ओळ. ती पडली की मी "हं" म्हणायची. मग ते टोक पुसून केबल परत घालायचे आणि म्हणायचे, "घातली." देवगड परत यायचा. मी वहीत खूण करायची.

ही शिस्त माझी होती. सुरुवातीच्या आठवड्यांत काका मनाला येईल तेव्हा केबल परत घालायचे, आणि माझ्या नोंदींत सगळी खिचडी व्हायची. एकदा मी चिडून म्हटलं होतं, "मी सांगेपर्यंत केबलला हात लावायचा नाही." ते वयाने मोठे, मी नवी अधिकारी. मला नंतर फार वाईट वाटलं. पण काकांनी ते मनाला लावून न घेता पाळायचं म्हणून पाळलं. पुढे पुढे तर "हं"सुद्धा म्हणावं लागायचं नाही. मी खुर्चीत जराशी सैलावले की आतून "घातली" यायचं. माझ्या खुर्चीचा आवाज त्यांना ओळखू यायचा. आमचं हे जमलेलं बघून बाकीच्या टीम आमचा हेवा करायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता.

मला ते दिवस अजून हवेसे वाटतात. कॅन्टीनच्या खिडकीतून दिसणारा पवईचा तलाव, काकूंनी दिलेली कुळथाची पिठी आणि भात, काकांचं ते अर्धा डबा माझ्यापुढे सरकवणं. आता घरात कितीही शांत असलं तरी ती शांतता नाही. तिकडच्या शांततेत, दाराच्या पलीकडे कुणीतरी माझ्या शब्दाची वाट पाहत असायचं.

काकांच्या निवृत्तीला सहा महिने होते तेव्हा घाटकोपरच्या एका रुग्णालयातून तक्रार आली. रुग्णांचे सगळे स्कॅन आणि एक्स-रे त्यांच्या तळघरातल्या कपाटात साठवले जायचे. दोनतीन आठवड्यांतून एकदा ते कपाट गायब व्हायचं आणि परत यायचंच नाही. कपाटावरचे दिवे हिरवे, केबलचे दिवे हिरवे, पण सर्व्हरच्या लेखी कपाट मेलेलं. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. तोवर वर डॉक्टर स्कॅनच्या नावाने शंख करत, आणि पेशंट स्ट्रेचरवर. तिथली केबल, तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत, परबकाकांनी स्वतः घातली होती. दोन रविवार मोडून.

मी तिथल्या नोंदी मागवल्या. प्रत्येक घटनेत दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. 'गेला', आणि सेकंदाभरात 'आला'. त्यानंतर काहीच नाही. मी त्या ओळी वाचल्या आणि अर्थ लावला. गेला, आला, एवढ्या घाईने, म्हणजे सांधा ढिला आहे, केबल लपलप करते आहे.

तरी कर्तव्य म्हणून आमच्याकडेही चाचणी केली. काकांनी तीन दिवसांत तीनशे वेळा केबल काढली आणि घातली. तीनशे वेळा देवगड गुणी मुलासारखा परत आला. मी अहवाल लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: 'ड्रायव्हरमध्ये दोष आढळला नाही, जागेवरील केबल जोडणीत दोष असण्याची शक्यता आहे.' आमच्या साहेबांनी रुग्णालयाला पत्र पाठवलं त्यात 'असण्याची शक्यता' गळून पडली होती. कंपनीने बाहेरचा कंत्राटदार नेमून नवी केबल घातली. त्यानंतर तक्रार आली नाही. म्हणजे दोष केबलचाच होता हे सिद्ध झालं, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

 नवी केबल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी आले. नेहमी बसायचे, त्या दिवशी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, त्यांनी माझी केबल काढून तळघरात टाकलीय. भंगारात जायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा येऊन बघा. मी सांगतो म्हणून नको. तुमच्या डोळ्यांनी बघा."

शनिवारी येते म्हटलं. शनिवारी मुलीच्या कॉलेजचं काहीतरी निघालं. काय निघालं होतं ते आज आठवतही नाही. सोमवारी काकांनी विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. पुढचे काही महिने ते पूर्वीसारखेच "काढली", "घातली" म्हणत राहिले, फक्त डबा घेऊन माझ्या टेबलावर यायचे बंद झाले. निरोप समारंभाला शाल, गुच्छ, भाषणं, सगळं रीतीप्रमाणे झालं. मीही बोलले. त्यांच्या हाताचं भरभरून कौतुक केलं. ते खाली बघून ऐकत होते.

ते गेल्यावर त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. केबल काढण्याघालण्याचं कामही यंत्राने करता येतं असं ठरलं. ते यंत्र बाहेरूनच केबल बंद करायचं आणि पडद्यावर टिपणं फाडून झाल्याची ओळ आली की चालू करायचं. त्याला ही शिस्त शिकवणारीही मीच.

दोन वर्षांनी एका दुपारी ते यंत्र बिघडलं. मला तातडीने एक चाचणी हवी होती, म्हणून मीच स्वेटर घालून आत गेले आणि देवगडची केबल काढली. आतून स्क्रीन दिसत नाही. "हं" म्हणायला बाहेर कुणी नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात बघून मी अंदाजाने तीस सेकंद मोजले, वर थोडं थांबले आणि घातली. बाहेर येऊन बघते तर देवगड आलाच नव्हता. आधी वाटलं, आपला हात तो, नीट बसली नसेल. आत जाऊन पाहिलं. दिवा हिरवा. टोक पुसून पुन्हा घातली. दिवा हिरवाच. मग स्क्रीनवर वरच्या ओळी वाचल्या. 'गेला', आणि सेकंदाभरात 'आला'. त्यानंतर काहीच नाही.

मी खुर्चीत बसले ती किती वेळ उठले नाही. घाटकोपरच्या नोंदी डोळ्यांपुढे होत्या. तेच दोन शब्द, तेवढंच अंतर.

झालं होतं ते असं. टिपणं फाडायला वेळ लागतो. कपाटात डिस्क जास्त असतील तर दोन सेकंदही लागतात. त्या दोन सेकंदांत कपाट परत आलं, तर कोडचा एक भाग त्याला 'आला' म्हणून दारात उभं करायचा, आणि दुसरा भाग, ज्याला हे माहीतच नव्हतं, तो आपलं फाडण्याचं काम पुरं करून 'गेला' म्हणून शिक्का मारायचा. शेवटचा शिक्का खरा, आणि या गोंधळात फाडून झाल्याची ओळही पडायची नाही. दारात उभ्या असलेल्याकडे मग कुणी बघायचंच नाही. माझ्या तीन अवस्थांमध्ये चौथी अवस्था राहून गेली होती: 'जातोय'. एकोणीस वर्षांत ती मला दिसली नाही, कारण त्या दोन सेकंदांत काकांनी एकदाही केबल घातली नव्हती. मीच तसं सांगितलं होतं. आमच्या जमलेल्या जोडीने ती चूक इतकी वर्षं व्यवस्थित सांभाळली होती.

घाटकोपरचं कपाट मधूनमधून स्वतःच बंद होऊन चालू व्हायचं आणि त्याला साधारण एकतीस सेकंद लागायचे, हेही आता तपासल्यावर कळलं. आणि नव्या केबलने तक्रार का थांबली, तेही. कंत्राटदाराच्या माणसाने जाता जाता, खबरदारी म्हणून, तीस सेकंदांचे साठ करून ठेवले होते. त्याच्या कामाच्या कागदावर शेवटच्या ओळीत ते लिहिलेलं होतं. तो कागद माझ्याकडे दोन वर्षं होता.

दुरुस्तीला सहा आठवडे लागले. कोड फार नाही, पन्नासएक ओळी. फाडाफाडी चालू असताना कपाट परत आलं तर त्याला ओसरीवर बसवायचं, आतलं काम पूर्ण होऊ द्यायचं आणि मग नव्याने आत घ्यायचं. हे सांगायला सोपं आहे, पण त्या दोन सेकंदांत काय काय होऊ शकतं याची यादी करता करता माझ्या दोन वह्या भरल्या. मी आत जाऊन स्वतः केबल घालत होते, मुद्दाम अवेळी, मुद्दाम शिस्त मोडून. प्रत्येक वेळी टोक पुसत होते. आतून मोठ्याने "काढली" म्हणायची सवय मला कधी लागली ते कळलं नाही. दाराबाहेर ऐकायला कुणी नसायचं.

दुरुस्तीबरोबर तिचं कारण लिहायचं असतं. त्यात मी शेवटी एक वाक्य घातलं होतं, की यापूर्वी एका ठिकाणी हा दोष केबलचा समजला गेला होता, ती केबल श्री. परब यांनी घातलेली असून ती निर्दोष होती. तपासणाऱ्याने, तो परदेशात बसतो, ते वाक्य काढायला सांगितलं. कोडशी संबंध नाही म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. मी वाक्य काढलं.

आता काकांकडे जायचं होतं. नाहूरहून भांडुपची त्यांची चाळ रिक्षाने दहा मिनिटांवर. पण मी थांबले. वाटलं, दुरुस्ती सगळ्या चाचण्यांतून पार पडू दे, अधिकृतपणे बाहेर जाऊ दे, मग छापील कागद घेऊनच जाऊ. नुसतं 'माझं चुकलं' म्हणून काय जायचं, पुराव्यानिशी जाऊ. ही आमच्या धंद्याची खोड आहे, खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या दारात उभं राहायची भीती वाटत होती आणि चाचण्यांचं निमित्त बरं होतं. चाचण्या चार महिने चालल्या. तिसऱ्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर संदेश आला, की परबकाका गेले. हृदयविकार. खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही जोडलेले हात पाठवले. दुसरं काय करावं ते सुचेना.

बाराव्यानंतर एका सकाळी गेले. टेकडीवरच्या त्या दोन खोल्या मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहत होते. काकू ओट्यापाशी होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं. सून म्हणाली, पवईच्या मॅडम आल्यात. काकूंनी हात पुसले, मला खाटेवर बसवलं आणि आधी विचारलं, की पिठी आवडायची ना तुम्हाला.

मी सांगायला सुरुवात केली. अवस्था, टिपणं, दोन सेकंद. मध्येच लक्षात आलं की यातलं काही सांगण्याची गरज नाही. म्हटलं, काकू, घाटकोपरची केबल बरोबर होती. चूक माझी होती. काका गेल्यावर सांगतेय.

 काकू सांगू लागल्या, की काका शेवटपर्यंत तेच म्हणत. जेवताना, टीव्ही बघताना, मध्येच. सून, मुलगा सगळे कंटाळले होते, एकदा मुलगा म्हणाला, सोडा ना बाबा आता, झाली असेल चूक. त्यानंतर काकांनी घरात तो विषय काढला नाही. काढायचे ते फक्त काकूंकडे, दोघंच असताना.

"तेंचा एकच म्हणणा हुता," काकू म्हणाल्या, "वायर माझी बराबर हुती."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणायचे का. काकू म्हणाल्या, म्हणायचे, मॅडमनी एकदा बघितली असती तर त्यांना लगेच कळलं असतं, त्यांना सगळं कळतं.

 मी तिथे बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सुनेने चहा केला. निघताना काकू दारापर्यंत आल्या, चौकट चाचपत. माझं मनगट धरून त्यांनी विचारलं,

"ह्या तुमी माका लिवन देतलात?"

मी म्हटलं, कंपनीकडून पत्र मिळतं का बघते.

"कंपनीचा कागद नको. तुमी लिवा."

तरीही मी आधी कंपनीकडेच गेले. साहेब सज्जन आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ते रुग्णालय आता दुसऱ्यांची यंत्रं वापरतं, फाइल बंद झाली आहे, लेखी काही दिलं तर नसते प्रश्न उभे राहतील, आणि आता माणूसही राहिला नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले. मग कागद घेऊन बसले की चार ओळींवर पेन अडायचं. चार ओळींत लिहिलं की ते प्रमाणपत्र वाटायचं, आणि प्रमाणपत्र देणारी मी कोण? दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं ते यासाठी. गमतीदार फार झालं नाही, त्यांनी माफ करावं. तर लिहून देते.

घाटकोपरच्या त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत श्री. परब यांनी घातलेली केबल पहिल्या दिवसापासून ती काढेपर्यंत निर्दोष होती. दोष मी लिहिलेल्या कोडमध्ये होता. केबलवर ठपका ठेवणारं वाक्य मी लिहिलं होतं, आणि त्यांनी बोलावूनही मी केबल बघायला गेले नाही.

अंक हातात आला की मी तो घेऊन भांडुपला जाणार आहे. काकूंना वाचता येणार नाही. वाचून मलाच दाखवावं लागेल, मोठ्याने, सून आणि मुलगा घरात असताना.